ओळखीतली गाडी

जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे, सकाळी सातच्या सुमारास एका जुन्या डिझेल गाडीचा सौदा चालला होता. एप्रिल महिना, ऊन अजून चढायचं होतं. विकणारा म्हणजे घेणाऱ्याच्या साडूचा मित्र. गाडी धुऊनपुसून उभी केलेली, टायरांना काळं पॉलिश, आत लिंबाच्या वासाचा सेंट. घेणाऱ्या मुलाचे वडील यावलकडचे शेतकरी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सहज टेकल्यासारखा बॉनेटवर तळहात ठेवला. हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला. मग त्यांनी तो उचलला, पण विचारलं काहीच नाही. "गाडीले कायबी काम नही, आप्पा," विकणारा आपणहून म्हणाला. आप्पांनी मान हलवली. चहा आला, विसार दिला गेला.

बॉनेट गरम होतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी सातला गरम नसतं, हे ट्रॅक्टर वापरणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी ते गप्प राहिले, आणि तो गप्पपणा कितीतरी दिवस डोक्यात घोळत राहतो. कारण त्यात अज्ञान नव्हतं, भीड होती. साडूच्या मित्राला "सकाळीच गाडी का तापवली?" असं विचारणं म्हणजे साडूलाच खोटं पाडणं. खान्देशात निम्मे सौदे असेच होतात: कुणाच्या तरी शब्दावर, कुणाच्या तरी ओटल्यावर. अनोळखी दलालाकडे माणूस चार चुका काढतो, घासाघीस करतो, गाडीखाली वाकून बघतो. ओळखीच्या माणसासमोर वाकायची लाज वाटते. त्यामुळे ओळखीत घेतलेली गाडी सगळ्यात कमी तपासलेली असते.

गाडी आधी तापवून ठेवण्यामागे साधं कारण असतं. डिझेल इंजिनचा आजार थंड स्टार्टला जितका उघडा पडतो तितका एरवी पडत नाही. कॉम्प्रेशन कमी झालेलं असेल, इंजेक्टर गळत असेल, थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग गेलेले असतील, तर पहिला स्टार्टर लांबतो, इंजिन काही सेकंद अडखळतं आणि मागून पांढरट धूर येतो. एकदा गरम झालं की तेच इंजिन शहाण्यासारखं वागतं. त्यातही आपल्याकडची गंमत अशी की एप्रिल-मेमध्ये थंड स्टार्ट म्हणावा असा फारसा उरतच नाही. पहाटेसुद्धा हवा इतकी उबदार असते की दुखणाईत डिझेलही एका किल्लीत उठतं. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, यावल-रावेर भागात केळीच्या पानांवर दव असतं तेव्हा. पण गाड्या विकल्या जातात लगीनसराईच्या आधी. म्हणून उन्हाळ्यात गाडी घेणाऱ्यानं आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका," आणि तरीही पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावावा. गरम लागलं तर भांडायचं नाही. "बरं, संध्याकाळी येतो, गार झाल्यावर" एवढंच म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा.

गाडी सुरू झाल्यावर मेकॅनिक पहिल्यांदा ऑइल टाकायचं झाकण उघडतो. इंजिन चालू असताना त्या तोंडातून फुक् फुक् करत धूर येत असेल, किंवा झाकण सैल करून ठेवलं की ते नाचत असेल, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. म्हणजे रिंगा आणि सिलिंडर झिजलेत, जळालेला वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोय. किंचित वाफ बहुतेक जुन्या डिझेलला असते, तिला घाबरायचं कारण नाही. पण धार लागली असेल तर इंजिन उघडायचा खर्च धरूनच बोलावं. मागचा धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा फेकत असेल तर हवा कमी पडतेय किंवा इंधन जास्त: तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, खराब इंजेक्टर, काहीही. काळ्या धुराला पुष्कळदा स्वस्त कारण सापडतं, निळ्याला क्वचित. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ जानेवारीपासून जूनपर्यंत उडते. शिवारातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरांवर बदलून भागत नाही. फिल्टर नीट बसवलेला नसेल तर तीच बारीक धूळ टर्बोची पाती आणि सिलिंडर दोन्ही खाते. फिल्टरची पेटी उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवावं. तिथे धूळ लागली तर मालकानं गाडी कशी सांभाळली हे वेगळं विचारायला नको.

पण खान्देशातल्या गाडीची खरी कुंडली तिच्या पाण्यात असते.

रेडिएटरची टाकी, अर्थातच इंजिन गार असताना, उघडावी. आत हिरवं, गुलाबी, निळं, कंपनीनं दिलेल्या रंगाचं स्वच्छ कूलंट दिसायला हवं. इथल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत गढूळ तांबूस पाणी दिसतं, कारण उन्हाळ्यात कुठेतरी गाडी तापली आणि जवळच्या बोअरचं पाणी टाकलं. मग तीच सवय झाली. बोअरच्या जड पाण्यातले क्षार गरम होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, नळी अरुंद होते, गाडी पुन्हा तापते, पुन्हा पाणी टाकलं जातं. या फेऱ्यात कधीतरी कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकतो. हा आपल्याकडचा आवडता इलाज. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत फिरत राहतं आणि शहरात गाडी तापत नाही, म्हणून मालक खूश. पण मग इंजिन हव्या त्या तापमानाला, म्हणजे नव्वद अंशांच्या आसपास, नीट पोचतच नाही. डिझेल जास्त जातं, ऑइलमध्ये कचरा साठतो आणि मूळचं दुखणं, तुंबलेला रेडिएटर किंवा खराब फॅन, तसंच झाकलेलं राहतं. ओळखायची खूण अशी: हायवेवर सत्तर-ऐंशीच्या वेगानं जाताना तापमानाचा काटा मधोमध स्थिर न राहता खाली घसरतो. दुसरा इलाज म्हणजे रेडिएटरचा फॅन थेट बटणावर घेणं. डॅशबोर्डखाली एखादं परकं बटण दिसलं तर ते कशाचं ते विचारावं. कूलंटवर तेलाची तवंग, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या सीलचा, संशय धरावा. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला, तरी तोच संशय. पाण्यानं इतक्या लवकर दाब धरायचं कारण नसतं. तो दाब सिलिंडरमधून आलेला असतो.

यासाठी गाडी चढाला न्यायला हवी. सपाट रस्त्यावर, गल्लीतून चौफुलीपर्यंत आणि परत, एवढ्या फेरीत कुठलीही गाडी चांगलीच वाटते. धुळ्याजवळ लळिंगचा चढ आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा घाट आहे, जळगावहून फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट आहे. भर दुपारी, चार माणसं बसवून, एसी पूर्ण लावून चढ चढावा. अलीकडच्या कित्येक गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो, आणि तो लागतो तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अशा गाडीला तिच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावून आकडा बघत जावं. वर पोचल्यावर गाडी बंद न करता पाच मिनिटं उभी ठेवायची, एसी सुरूच. फॅन लागतो का, एसीची हवा उभ्या गाडीत गार राहते का, हे तिथे कळतं. धावताना गार आणि उभी राहिली की कोमट, असा एसी असेल तर कंडेन्सर, फॅन किंवा कॉम्प्रेसर यांतलं काहीतरी थकलंय. "गॅस भरला की होईल" हे वाक्य ऐकू येईल. गॅस संपत नसतो, गळतो. गळती कूलिंग कॉइलला असेल तर कित्येक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि एकदा खोललेल्या डॅशबोर्डची कुरकुर पुढे जन्मभर ऐकावी लागते.

क्लचची परीक्षा सपाटीवर करता येते. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. नुसतंच गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करावं, दुसऱ्याच्या गाडीवर चारचारदा करू नये. खड्ड्यातून नेताना खट्-खट् आवाज येत असेल तर लिंक रॉड, बुश, लोअर आर्म किंवा शॉकअपचं काम आहे. ते जुन्या गाडीत असायचंच. आपल्या रस्त्यांवर साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली गाडी खालून गप्प असेल तर उलट चौकशी करावी की काम नुकतंच झालंय का, आणि बिल कुठे आहे.

पत्र्याकडे मात्र माणसं नको तितकी बघतात आणि तेही चुकीच्या जागी. दारावरचा ओरखडा, बंपरचा रंग, यांनी काही बिघडत नाही. बघायचं ते दाराच्या चौकटीचं रबर खेचून. आत कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. ते गायब असतील, त्यांवर पुट्टी असेल, तर गाडी तिथे कापून जोडलेली आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही तर समाधान मानू नये. दिवाच काढून ठेवला असण्याची शक्यता असते. काचांवर कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण कोरलेली असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच नंतरची, तर तिची गोष्ट विचारावी. टायरवर चार अंकांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात टायर झिजण्याआधी तडकतो, त्यामुळे नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर हिशेबात धरू नये.

पुराच्या गाड्यांचा वेगळा विचार करावा लागतो. ३१ ऑगस्ट २०२१ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. अशा प्रत्येक पुरानंतर, तो इथला असो की सुरतेचा, भिजलेल्या काही गाड्या स्वस्तात निघतात, धुतल्या जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्याच गावात उभ्या राहतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गुंडाळून राहणाऱ्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटखालच्या रुळांचा गंज, कार्पेटच्या खालचा वास, हे बघावं. सेंट जास्त मारलेला असेल तर काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवावी, मग दार उघडून वास घ्यावा. ओल इंजिनपेक्षा वायरिंगला खाते. आज काच खाली होत नाही, उद्या सेंट्रल लॉक, परवा स्टीअरिंगचा दिवा. अशा दुखण्याचा आकडा कुणी सांगू शकत नाही. शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचं दुखणं याच जातीचं.

किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी "फक्त बासष्ट हजार" ऐकलं की मन मऊ होतंच. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी जाते तेव्हा किलोमीटर नोंदवले जातात. मालकाला सोबत घेऊन तो इतिहास काढावा. जुन्या सर्व्हिसपेक्षा आजचा आकडा लहान असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. नोंदीच अचानक थांबल्या असतील, तर थांबल्या तेव्हा गाडी कुणाच्या हातात गेली ते विचारावं. ब्रेकच्या पेडलचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर, स्टीअरिंगचं उडालेलं टेक्स्चर, ड्रायव्हर सीटची बसलेली कड, यांना मीटर मागे घेता येत नाही. हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावला की जुने फॉल्ट दिसतात. फॉल्ट शून्य दिसले म्हणून खूश व्हायचं नाही. स्कॅनरमध्ये गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात की नाहीत हेही दिसतं. बऱ्याचशा अपूर्ण दाखवत असतील तर कुणीतरी नुकतेच फॉल्ट पुसलेत, किंवा बॅटरी काढून लावलीय.

बोलेरो, टवेरा, सुमो, इर्टिगा घेताना एक जादा प्रश्न: गाडी लग्नांच्या भाड्याला जायची का? पांढऱ्या नंबरप्लेटवर प्रवासी वाहणाऱ्या गाड्या कमी नाहीत. मागच्या सीटची शिवण, मागच्या दाराचे बिजागर आणि मागचे पाटे किंवा स्प्रिंग घरगुती वापरात एवढे थकत नाहीत. डिझेल २०२० नंतरचं, म्हणजे बीएस-६ असेल, तर उलटी भानगड. त्याला सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं चालावी लागते. घर ते नवीपेठ एवढ्याच फेऱ्या मारलेल्या डिझेलचा तो फिल्टर तुंबतो आणि बदलायचा खर्च अंगावर येतो. इथे कमी चाललेली गाडी चांगली, हा आपला ठोकताळा उलटतो. रोज भुसावळ-धुळे करणाऱ्या माणसाची जास्त चाललेली गाडी अधिक निरोगी निघू शकते.

मग घ्यायची की नाही? इथे माझं मत ठाम आहे. दोष असलेली गाडी घ्यायला हरकत नसते. दोषाला नाव आणि नावाला आकडा मिळाला पाहिजे, एवढंच. समजा गाडी तीन लाख साठ हजारांना सांगितलीय. चार टायर अठरा हजार, क्लच बारा, खालचं काम दहा, बॅटरी साडेपाच. शिवाय कुठलीही जुनी गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलावंच लागतं, त्याचे आठ-नऊ धरा. गाडीगणिक आकडे बदलतील. कागदावर मांडले की बेरीज पंचावन्न हजारांच्या घरात जाते. ती किमतीतून वजा करून बोलणं हा अपमान नाही. मालक एवढं उतरत नसेल तर शेजारच्या तालुक्यातली, वीस हजार महाग पण बिलांची फाइल असलेली गाडी खरं तर स्वस्त आहे. मात्र पाणी कमी होतंय पण गळती सापडत नाही, दिवा मधूनच लागतो आणि जातो, गाडी कापून जोडलेली आहे, पुरात भिजलेली आहे, यांना आकडा लागत नाही. तिथे पन्नास हजार कमी केले तरी मी म्हणेन, नको. एखादा मालक स्वतःहून म्हणतो, "चढाला क्लच घसरतो, बाकी बिलं ही बघा." त्याची धुळीनं माखलेली गाडी मला इंजिन धुऊन चमकवलेल्या गाडीपेक्षा कितीही वेळा पसंत. धुतलेल्या इंजिनावर ऑइल कुठून झिरपतंय तेच दिसत नाही.

इंजिनातल्या व्हॉल्व्हचं टायमिंग साखळीऐवजी रबरी पट्ट्यावर असलेल्या गाड्यांना एक स्वतंत्र ओळ हवी, विशेषतः डस्टरच्या दीड लिटर डिझेलला. पट्टा बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजावं. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावंच लागतं. तसंच बंद पडलेल्या कंपन्यांचं. शेवर्लेनं २०१७च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. गाड्या दणकट आहेत, स्वस्तही मिळतात. जळगाव-धुळ्यात राहणाऱ्याला एखादा जाणता मेकॅनिक सापडेलही. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसानं एका सेन्सरसाठी गाडी आठवडाभर उभी ठेवायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारावं.

कागदांकडे लोक शेवटी वळतात. वळायला हवं सगळ्यात आधी, कारण ते घरबसल्या दिसतात. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की मालक कितवा, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा कळतो. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. विम्याच्या कागदावर नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत, किती टक्के आहे ते वाचावं. एकाच मालकाची, खंड न पडता विमा भरलेली पाच-सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, तर गेल्या वर्षी क्लेम कशाचा घेतला हा प्रश्न आपोआप येतो. नंबर जीजे किंवा एमपीचा असेल, नवापूर-शिरपूर-रावेरच्या सीमेवर असतोच, तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८चं एनओसी, आणि इथला रस्ताकर किमतीत मिळवावा. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्या दिसतात, त्यांचं कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क लक्षात घ्यावं. १ एप्रिल २०२२ पासून ते ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झालं, आणि पर्यावरण कर वेगळा.

टीटी फॉर्म, म्हणजे मालकाचं नाव बदलायचे २९ आणि ३०, सही करून नुसते देऊन-घेऊन ठेवायची पद्धत ओळखीतल्या सौद्यांत फार. "करू सावकाश, आपलंच आहे." स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू राहायला हवा असेल तर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं. आरटीओत नाव जुनंच असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंद असलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे नाव बदलायची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला असायला हवी. ती नसेल तर का नाही, हे कळेपर्यंत थांबावं. ओळख कितीही जवळची असो, ऑनलाइन नाव बदललेलं दिसेपर्यंत दहा हजार मागे ठेवायचे, आणि हे विसार देण्याच्या आधी चहा पितानाच बोलून टाकायचं. नंतर जीभ रेटत नाही.